आवाजाची चिप मुकी का राहते?

केज तालुक्यातील एका माध्यमिक शाळेच्या शिक्षकांनी आम्हांला एक प्रश्न विचारला होता. शाळेला देणगी म्हणून मिळालेल्या जुन्या लॅपटॉपवर त्यांनी लिनक्स ही कार्यप्रणाली बसवली. पडदा दिसू लागला, कळफलक चालू लागला, चित्रफितीतील माणसे हलू लागली. पण आवाज काही येईना. दुरुस्तीवाल्याने निदान केले, "साउंडची चिप गेली, आता बोर्डच बदला." शिक्षकांना हे पटले नाही. कालपर्यंत जुन्या प्रणालीवर व्यवस्थित गाणारी चिप एका रात्रीत जाईल कशी?

चिप गेलेली नव्हती. तिला नेमके काय करायचे ते कोणी सांगितले नव्हते, एवढेच. हे सांगण्याचे काम संगणकाच्या ज्या आज्ञावलीकडे असते तिला 'ड्रायव्हर' म्हणतात, आणि हा ड्रायव्हर बसतो 'कर्नल'मध्ये. (हा कर्नल लष्करातला नव्हे. दाण्याचा गर किंवा गाभा या अर्थाचा तो इंग्रजी शब्द आहे. मराठी उच्चारात दोन्ही सारखेच झाले आहेत.) कर्नल हा कार्यप्रणालीचा गाभा. स्मृती कोणाला किती द्यायची, प्रक्रियकाचा वेळ कोणाला द्यायचा, कोणत्या यंत्रभागाला कोणी हात लावायचा, हे तो ठरवतो. आपण वापरतो त्या गाणी वाजवणाऱ्या आज्ञावलीला चिपला थेट हात लावण्याची मुभा नसते. ती कर्नलकडे अर्ज करते आणि कर्नलमधला ड्रायव्हर प्रत्यक्ष काम करतो.

हे काम म्हणजे नेमके काय, ते पाहण्यासाठी आपण एक खरे उदाहरण घेऊ. ते महाराष्ट्रातल्या शाळेत येऊन गेलेले आहे. रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैराट धनगरवाड्याच्या छोट्या शाळेत २००७ साली मुलांना हिरव्यापांढऱ्या रंगाचे लहान लॅपटॉप मिळाले. 'दर मुलामागे एक लॅपटॉप' या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचा भारतातला हा पहिला प्रयोग. या लॅपटॉपचे नाव एक्सओ. त्याचा प्रक्रियक ४३३ मेगाहर्ट्झचा, स्मृती २५६ मेगाबाइट आणि साठवण अवघी १ गिगाबाइट. आजचा साधा मोबाइलदेखील त्याहून कितीतरी सशक्त असतो. पण या यंत्राच्या माइकच्या छिद्रात एक अशी सोय होती की जी आजच्या महागड्या मोबाइलमध्येही सापडत नाही. ती सोय ड्रायव्हरमुळेच वापरता येत होती. तिच्याकडे आपण थोड्या वेळाने येऊ.

एक्सओमध्ये आवाजासाठी ॲनालॉग डिव्हायसेस या कंपनीची एडी १८८८ ही चिप होती. अशा चिपला 'कोडेक' म्हणतात. माइकमधून येणारा सलग बदलणारा विद्युतदाब ठरावीक अंतराने मोजून त्याचे आकडे करणे आणि उलट आकड्यांचा पुन्हा विद्युतदाब करून तो स्पीकरकडे पाठवणे, ही तिची दोन कामे. मोजणी सेकंदाला ४८,००० वेळा होते आणि प्रत्येक मोजणी १६ बिटांची, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक असते. प्रयोगशाळेतल्या साध्या अंकीय व्होल्टमापकाला साधारण २,००० पायऱ्या असतात आणि तो सेकंदाला दोन-तीनदाच मोजतो. म्हणजे आवाजाची चिप हे मुळात एक अतिशय चपळ आणि बारीक मोजमाप करणारे उपकरण आहे. आपण त्यावर फक्त गाणी ऐकतो ही गोष्ट वेगळी.

ही चिप आणि संगणक यांच्यामध्ये केवळ पाच तारा होत्या. एसी-९७ नावाच्या या पद्धतीत एका तारेवरून सेकंदाला १,२२,८८,००० ठोके पडतात. २५६ ठोक्यांची एक चौकट होते. १,२२,८८,००० ला २५६ ने भागून पाहा, बरोबर ४८,००० येतात. म्हणजे आवाजाच्या दर मोजणीमागे एक चौकट. चौकटीत पहिले १६ बिट 'पुढच्या कोणत्या डब्यांत माल आहे' हे सांगण्यासाठी, आणि मग २० बिटांचे १२ डबे. १६ अधिक २४०, झाले २५६. यातल्या पहिल्या दोन डब्यांतून चिपला हुकूम जातात, तिसऱ्या-चौथ्यातून डाव्या-उजव्या कानाचा आवाज. आगगाडीचे वेळापत्रकच म्हणा ना. एक डबा इकडचा तिकडे झाला की डाव्या कानाचा आवाज हुकमाच्या डब्यात जाऊन बसतो.

हुकूम म्हणजे तरी काय? चिपच्या पोटात रजिस्टरे असतात. आपल्या हजेरीच्या रजिस्टरात जसे प्रत्येक विद्यार्थ्याला एक घर ठरलेले असते, तसे येथे प्रत्येक गुणाला एक क्रमांकाचे घर असते आणि त्यात १६ बिटांचा एक आकडा लिहिता येतो. उदाहरणार्थ, २ क्रमांकाचे घर मुख्य आवाजाचे. त्यातल्या पाच बिटांनी उजवा आणि दुसऱ्या पाच बिटांनी डावा आवाज ठरतो. गंमत अशी की येथे आकडा वाढवला तर आवाज कमी होतो, एका पायरीला दीड डेसिबल. कारण हा आकडा 'किती दाबायचे' ते सांगतो. दोन्ही कानांचा आवाज १५ डेसिबलने दाबायचा असेल तर दहा-दहा पायऱ्या हव्यात. डाव्याचे बिट आठ स्थाने वर असल्याने १० गुणिले २५६ अधिक १०, म्हणजे २,५७० हा आकडा लिहावा लागतो. द्विमान पद्धत 'कशाला शिकायची' असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला हे उदाहरण अवश्य द्यावे.

याच घरातला सर्वांत वरचा बिट आवाज पूर्ण बंद करतो. वीज मिळताच चिप या घरात स्वतःहून ३२,७६८ हा आकडा मांडते, म्हणजे नेमका तोच बिट चालू. एसी-९७ जातीची प्रत्येक चिप अशी जन्मतः मुकीच असते! वीज येताच स्पीकरमध्ये धडाम आवाज होऊ नये, म्हणून केलेली ही रचना आहे. कोणीतरी तो बिट काढेपर्यंत ती मुकी राहते. केजच्या लॅपटॉपचे दुखणे हेच होते. ड्रायव्हर हजर होता, चिपही ठणठणीत होती. पण लिनक्समध्ये ध्वनिव्यवस्था आवाज बंद ठेवून सुरू करण्याची जुनी चाल आहे. 'अल्सामिक्सर' नावाची आज्ञावली उघडून एक कळ दाबली आणि लॅपटॉप बोलू लागला. बोर्डाचा खर्च वाचला.

आता ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या जागी आपण बसून पाहू. समोर चिपचे माहितीपत्रक आहे, बोर्डाचा विद्युतमंडल-आराखडा आहे (मिळाला तर!), आणि मेजावर एक ऑसिलोस्कोप. पहिले काम अगदी साधे: चिपला तिचे नाव विचारायचे. एसी-९७ चिपच्या शेवटच्या दोन घरांत तिची ओळख कोरलेली असते. एडी १८८८ कडून तेथे ६५, ६८, ८३ आणि १०४ असे चार आकडे येतात. पहिले तीन म्हणजे संगणकाच्या वर्णसंकेतातील ए, डी, एस ही अक्षरे, कंपनीची खूण. चौथा त्या चिपचा क्रमांक. हे चार आकडे बरोबर आले की तारा जुळल्या, ठोके पडत आहेत, चिप जागी आहे, एवढे एका फटक्यात कळते. आकडे सगळे शून्य आले तर ऑसिलोस्कोपची टोके तारांवर लावून शोध सुरू. या टप्प्यावर कित्येकदा दिवसचे दिवस जातात. कर्नलमधली चूक साध्या आज्ञावलीतल्या चुकीसारखी नसते. चिपच्या उत्तराची वाट पाहण्याला मर्यादा घालायला लेखक विसरला आणि उत्तर आलेच नाही, तर सगळे यंत्रच गोठते आणि काय बिघडले हे सांगायलाही कोणी उरत नाही.

दुसरे काम आवाजाच्या प्रवाहाचे. दोन कानांचे १६-१६ बिट आणि सेकंदाला ४८,००० मोजण्या, म्हणजे सेकंदाला १,९२,००० बाइट अखंड पुरवायचे. प्रक्रियक प्रत्येक बाइट स्वतः नेऊन देत बसला तर त्याला दुसरे काही करताच येणार नाही. म्हणून स्मृतीत एक जागा राखून ठेवतात आणि तिचे तुकडे करतात. प्रक्रियकाला न विचारता स्मृतीतून परस्पर माल उचलणारा एक स्वतंत्र यंत्रभाग हे तुकडे एकामागून एक चिपकडे रिते करतो. आमच्या लहानपणी विहिरीवर रहाटगाडगे असे. गाडगी वर येऊन रिती होतात, खाली जाऊन भरतात, माळ फिरतच राहते. येथेही तसेच. शेवटच्या तुकड्यानंतर 'पुन्हा पहिल्याकडे जा' अशी चिठ्ठी ठेवलेली असते. एक गाडगे रिते झाले की यंत्रभाग प्रक्रियकाला टोचणी देतो, आणि तेवढ्यापुरता जागा होऊन प्रक्रियक ते भरतो.

गाडगे केवढे असावे, हा खरा निवाड्याचा प्रश्न. समजा, एका गाडग्यात १,०२४ मोजण्या आणि माळेला चार गाडगी. एक गाडगे सुमारे २१ मिलिसेकंदांत रिते होते, सगळी माळ ८५ मिलिसेकंदांत. एवढ्या अवधीत प्रक्रियकाला दुसऱ्या कामातून सवड मिळाली नाही, तर माळेवर जुनेच पाणी पुन्हा वर येते आणि आपल्याला 'टक्' असा आवाज किंवा तीच ओळ अडखळलेली ऐकू येते. गाडगी मोठी केली तर अडखळणे थांबते, प्रक्रियक अधिक वेळ झोपू शकतो, बॅटरीही वाचते. पण मग बोललेले उशिरा पोहोचते. गाण्याला हे चालते, दूरध्वनीवरच्या संभाषणाला चालत नाही. ड्रायव्हर फक्त मर्यादा सांगतो; त्या मर्यादेत निवड वरची आज्ञावली करते. ही विभागणी आम्हांला फार शहाणपणाची वाटते.

आता एक्सओच्या त्या खास सोयीकडे वळू. माइकमधून येणारा संदेश चिपमध्ये शिरण्यापूर्वी सर्वसाधारणपणे एका धारित्रातून जातो. धारित्र बदलता दाब पुढे जाऊ देते आणि स्थिर दाब अडवते. आवाज म्हणजे बदलच, त्यामुळे आवाजाचे यात काही नुकसान होत नाही. पण एखाद्या विद्युतघटाचा दीड व्होल्ट मोजायचा असेल तर? तो धारित्रापाशीच अडतो. शिवाय चिपच्या आत आकड्यांवर चालणारी आणखी एक चाळणी असते. तीही मंद बदल गाळून टाकते. एक्सओच्या रचनाकारांनी बोर्डावर एक इलेक्ट्रॉनी कळ बसवली. ती फिरवली की माइकचा मार्ग धारित्राला वळसा घालून थेट चिपमध्ये जातो. दोन व्होल्टांच्या आतला स्थिर दाब मग सरळ मोजता येतो.

पण ही कळ फिरवणार कोण? एसी-९७ च्या प्रमाणपत्रकात तिचा उल्लेख असण्याचे कारणच नाही. ती फक्त या बोर्डावर आहे. म्हणून लिनक्समधील मूळ ध्वनि-ड्रायव्हरला एक छोटी पुरवणी जोडण्यात आली. तिच्यावर जया कुमार आणि आंद्रेस सालोमन यांची नावे आहेत, साल २००६ ते २००८. काही पानांची ही फाइल कोणालाही वाचता येते, आणि आम्ही ती विद्यार्थ्यांना वाचायला देतो. तिच्यात दोनच कामे आहेत. पहिले: चिपच्या एका घरातला एक बिट लिहून आतली चाळणी बंद करायची आणि मग बोर्डावरची कळ फिरवायची. दुसरे: माइकला चिपकडून मिळणारा छोटा पोषक दाब चालू किंवा बंद करायचा. यातही एक खोच आहे. चिपमधल्या त्या बिटाचा अर्थ 'पोषक दाब बंद' असा आहे, त्यामुळे चालू करण्यासाठी तेथे शून्य लिहावे लागते. असल्या उलट्या अर्थांनी ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या किती रात्री खाल्ल्या असतील, देव जाणे!

दोन कळांच्या जोडणीतून एकाच छिद्राची तीन उपकरणे झाली. कळ धारित्राच्या बाजूला आणि पोषक दाब चालू: नेहमीचा माइक. कळ थेट बाजूला आणि पोषक दाब बंद: व्होल्टमापक. कळ थेट बाजूला आणि पोषक दाब चालू: रोधमापक, कारण पोषक दाब आतल्या रोधकातून येतो आणि बाहेर जोडलेल्या रोधानुसार छिद्रावरचा दाब बदलतो. प्रकाशानुसार रोध बदलणारा घटक किंवा तापमानानुसार रोध बदलणारा थर्मिस्टर बाजारात काही रुपयांत मिळतो. तो माइकच्या पिनेला जोडला की पडद्यावर आलेख. ढग सूर्यावरून सरकताना प्रकाश कसा घटतो, मातीच्या माठातले पाणी आणि स्टीलच्या कळशीतले पाणी दुपारभरात कसे तापते, हे केजसारख्या ठिकाणच्या शाळेला स्वतंत्र नोंदणीयंत्र विकत न घेता पाहता आले असते. एक्सओवर 'मेझर' नावाची आज्ञावली यासाठीच होती.

याच फाइलमधली आणखी एक गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. एक्सओच्या पडद्याजवळ माइकचा छोटा दिवा होता आणि तो पोषक दाबाशीच जोडलेला होता. ध्वनिमुद्रण सुरू होताना ड्रायव्हर पोषक दाब चालू करतो, म्हणून दिवा लागतो. मुद्रण संपताच ड्रायव्हर तो बंद करतो, म्हणून दिवा विझतो. आपला आवाज कोणी टिपत आहे की नाही, हे मुलाला दिव्यावरून कळावे अशी ही योजना. ड्रायव्हरने शेवटची एक ओळ विसरली असती तर दिवा सतत जळत राहिला असता, आणि सतत जळणाऱ्या दिव्याकडे कोण लक्ष देणार?

एक्सओची पुढची आवृत्ती आली तेव्हा आतली चिप बदलली, कंपनीही बदलली. सोय तीच हवी होती, पण ड्रायव्हरचा तो भाग नव्या चिपसाठी पुन्हा लिहावा लागला. खिशात मावणाऱ्या सगळ्याच यंत्रांची ही अडचण आहे. घरच्या संगणकात साधारण एकसारखी रचना असते. मोबाइलमध्ये प्रत्येक नमुन्याचा बोर्ड वेगळा. एकच कोडेक एका यंत्रात स्पीकरला डाव्या बाजूने जोडलेले, दुसऱ्यात त्याच तारेवर कानातले यंत्र. पूर्वी प्रत्येक यंत्रासाठी सगळा ड्रायव्हर नव्याने लिहीत. २००७ साली लिनक्समध्ये याची फोड केली गेली. कोडेकचा ड्रायव्हर वेगळा, प्रक्रियकाकडच्या रहाटगाडग्याचा वेगळा, आणि 'या बोर्डावर कोणती तार कोठे जाते' एवढेच सांगणारा तिसरा छोटा भाग वेगळा. शार्प कंपनीचे झाउरस हे हातातले संगणक या पद्धतीच्या पहिल्या लाभार्थ्यांपैकी. त्यांतल्या एका नमुन्यात वुल्फसन कंपनीची डब्ल्यूएम ८७३१ ही चिप होती. या चिपच्या रजिस्टरांत लिहिता येते पण लिहिलेले परत वाचता येत नाही. म्हणून ड्रायव्हर आपली वेगळी वही ठेवतो आणि 'आपण तिला काय सांगितले होते' ते त्या वहीत पाहतो. यंत्र झोपून उठले की चिप सगळे विसरते. तेव्हाही ही वहीच उपयोगी पडते.

या फोडीचा मोठा फायदा विजेच्या बचतीत झाला. तारा कोठून कोठे जातात याचा नकाशा कर्नलपाशी असल्यामुळे, आवाज ज्या मार्गाने चालला आहे तेवढ्याच भागांना वीज देता येते. कानातल्या यंत्राने ऐकताना स्पीकरचा वर्धक, माइक आणि आतला मोजणी करणारा भाग हे सगळे निजलेले असतात. केज, धारूर, वडवणी भागातली कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि मुले फडावरच्या कोपीत पालकांच्या मोबाइलवर धडे ऐकतात. तेथे विजेची जोडणी नसते; एकदा भरलेली बॅटरी किती तास पुरेल, हे बऱ्याच अंशी पडद्यावर आणि काही अंशी या नकाशावर ठरते. नकाशात एक तार चुकीची दाखवली गेली, तर स्पीकरचा वर्धक काहीही न वाजवता रात्रभर वीज खात राहतो. बाहेरून काही कळत नाही.

अँड्रॉइड मोबाइलमध्ये लिनक्सचाच गाभा असल्याने कर्नलमधल्या ड्रायव्हरचा मजकूर परवान्यानुसार खुला करावा लागतो. पण आवाज स्वच्छ करणारी, आकडेमोड करणारी बरीच कामे आता वेगळ्या संकेतप्रक्रियकावर चालतात, आणि तेथला मजकूर कंपन्या बंद ठेवतात. बोर्डाचे आराखडे तर सहसा मिळतच नाहीत. एक्सओसारखी धारित्राला वळसा घालणारी कळ आजच्या मोबाइलमध्ये नाही. असती तरी ती कोणत्या बिटाने फिरते ते आपल्याला कोणी सांगितले नसते. स्थिर दाब मोजण्याचा मार्ग असा बंद आहे.

वेळ मोजण्याचा मार्ग मात्र उघडा आहे, आणि तो फार चांगला आहे. सेकंदाला ४८,००० मोजण्या म्हणजे दोन मोजण्यांतले अंतर सुमारे २१ मायक्रोसेकंद. जर्मनीतील आखेनच्या विद्यापीठात तयार झालेल्या 'फायफॉक्स' या मोफत आज्ञावलीत ध्वनीवर चालणारे घड्याळ आहे. एका टाळीला ते सुरू होते, दुसऱ्या टाळीला थांबते. दोन मोबाइल मैदानावर बरोबर १० मीटर अंतरावर ठेवा. प्रत्येकाजवळ एक विद्यार्थी उभा करा. पहिल्याने टाळी वाजवावी, दोन-तीन सेकंदांनी दुसऱ्याने. पहिल्या मोबाइलला पहिली टाळी लगेच आणि दुसरी उशिरा ऐकू येते. दुसऱ्या मोबाइलचे नेमके उलट. दोन घड्याळांतल्या वेळांचा फरक म्हणजे ध्वनीला २० मीटर जायला लागणारा वेळ. ड्रायव्हरच्या गाडग्यांमुळे होणारा उशीर प्रत्येक मोबाइलमध्ये वेगळा असतो, पण तो दोन्ही टाळ्यांना सारखाच लागतो आणि वजाबाकीत निघून जातो. प्रयोगाची खुबी यातच आहे.

अडचण येऊ शकते ती मोबाइलच्या आगाऊपणाची. बोलणे स्पष्ट व्हावे म्हणून तो गोंगाट दाबतो, आणि दूरची टाळी त्याला गोंगाट वाटू शकते. अँड्रॉइडमध्ये २०१६ च्या ७.० आवृत्तीपासून प्रक्रिया न केलेला आवाज मागण्याची सोय आहे, पण ती पुरवणे प्रत्येक यंत्राच्या ध्वनिव्यवस्थेवर अवलंबून असते. म्हणून आधी एकाच मोबाइलवर जवळची आणि दूरची टाळी दोन्ही नीट पकडल्या जातात का ते पाहावे आणि घड्याळाची संवेदनक्षमता त्याप्रमाणे ठरवावी. दहा-बारा वेळा मोजून सरासरी घ्यावी.

ध्वनीचा वेग तापमानाबरोबर दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.६ मीटर प्रतिसेकंद वाढतो. जानेवारीतल्या पहाटे केजच्या मैदानावर १२ अंश असतील तर २० मीटरला सुमारे ५९ मिलिसेकंद लागतील आणि मे महिन्यातल्या दुपारी ४० अंशांना सुमारे ५६. हा तीन मिलिसेकंदांच्या आतबाहेरचा फरक मोबाइलच्या चिपच्या लेखी सुमारे १३० मोजण्यांचा आहे. एकाच वर्गाने हे मोजमाप दोन्ही ऋतूंत करून वहीत नोंदवावे. वारा पडलेला असताना, आणि अंतर दोन्ही वेळा त्याच दोरीने मोजून.